राजीनामा देऊ नकोस, आधी तो फोन कर

आधी पत्र थोडक्यात देते, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

"ताई, मी मूळची सांगलीकडची, वय 36. फ्लोरिडात एका हॉस्पिटलच्या सर्जिकल फ्लोअरवर नाइट करते. दोन वर्षांपूर्वी पेशंटला वर सरकवताना पाठ गेली, डॉक्टरनी हायड्रोकोडोन ही अफूच्या जातीची वेदनाशामक गोळी दिली, काही महिन्यांनी त्यांनी प्रिस्क्रिप्शन बंद केलं पण माझं काही बंद झालं नाही. मग वेस्ट करायचं उरलेलं हायड्रोमॉर्फोन, त्याच जातीचं इंजेक्शन, मी टाकून न देता स्वतः घ्यायला लागले, सात-आठ महिने. गेल्या आठवड्यात फार्मसीच्या ऑडिटमध्ये माझं नाव आलं. ऑफिसात बोलावलं, युरिन घेतली, बॅज काढून घेतला. मॅनेजरने आयपीएनचा, म्हणजे व्यसनात अडकलेल्या नर्सेसच्या प्रोग्रॅमचा, नंबर दिला आणि म्हणाली सोमवारपर्यंत फोन कर. नवरा म्हणतो राजीनामा टाक, लायसन्स सरेंडर कर, दुसऱ्या स्टेटमध्ये जाऊ नाहीतर सरळ इंडियात. सासूबाई आमच्याकडेच असतात, त्यांना वाटतंय मी सुट्टीवर आहे. ग्रीन कार्ड आहे, सिटिझनशिपचा अर्ज भरलाय. ताई, त्या प्रोग्रॅममध्ये पाच-पाच वर्षं लघवी तपासतात म्हणे. मी चोर आहे का पेशंट आहे हेच मला कळेना झालंय. काय करू?"

अगं, तुझा मेल रात्री अडीचला आलाय. बॅज गेला तरी शरीर अजून नाइटलाच जागं आहे तुझं. म्हणून लायसन्सचं नंतर बोलू, आधी तुझं बोलते.

तू शेवटचं कधी घेतलंस ते लिहिलेलं नाहीस. बॅज गेला म्हणजे मिळायची वाटही गेली, म्हणजे गेला आठवडा अंग मोडून, घाम येऊन, पोट बिघडून काढला असशील आणि घरी फ्लू आहे म्हणून सांगितलं असशील. हे सगळं तू पेशंटमध्ये बघितलंयस, तुला मी काय शिकवणार. पण नर्स असूनही स्वतःच्या बाबतीत आपण एक गोष्ट विसरतो, आठ-दहा दिवस बंद राहिलं की शरीराची सवय उतरते, आणि मग एखाद्या वाईट रात्री जुन्या गोळ्यांची बाटली सापडली आणि आधीचाच डोस घेतला तर श्वास थांबतो. त्यामुळे आजच नार्कॅनचा, म्हणजे असा थांबलेला श्वास परत आणणाऱ्या औषधाचा, नाकात मारायचा स्प्रे आणून ठेव, 2023 पासून तो इकडे चिठ्ठीशिवाय मिळतो, कुठल्याही मोठ्या फार्मसीत शेल्फवर असतो. नवऱ्याला तो कसा मारायचा ते दाखव. घरात हायड्रोकोडोनच्या उरलेल्या गोळ्या असतील तर त्या त्याच्या हाताने फार्मसीच्या टाकायच्या पेटीत जाऊ देत, तू नको नेऊस. आणि सगळं संपवून टाकावं असा विचार एकदा जरी येऊन गेला असेल तर 988 ही आत्महत्येच्या विचारांसाठीची हेल्पलाइन लाव, कुठल्याही वेळी. चौकशी सुरू झालेल्या नर्सला हे विचार येतात, पहिले दोन-तीन आठवडे सगळ्यात वाईट असतात, मी हे जवळून बघितलंय म्हणून इतकं स्पष्ट लिहितेय. एकटी राहू नकोस. सासूबाई घरात आहेत ही सध्या चांगली गोष्ट आहे असं समज.

आता तुझ्या नवऱ्याच्या सल्ल्याचं. तो घाबरलाय आणि घाबरलेला माणूस दार शोधतो, त्याचा राग धरू नकोस. पण त्याने सांगितलेली तिन्ही दारं बंद आहेत गं. चौकशी चालू असताना किंवा ती होणार म्हणून लायसन्स सरेंडर केलं तर ती शिक्षाच धरली जाते. तुला वाटतं मी आपणहून दिलं, कागदावर मात्र डिसिप्लिन असं येतं, ते नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँक या देशभरच्या नोंदवहीत जातं, नर्सिस नावाच्या लायसन्सच्या वेबसाइटवर कोणीही बघू शकतं, आणि वरून फेडरल खात्याच्या यादीत नाव टाकलं गेलं तर मेडिकेअर-मेडिकेडचे पैसे घेणारं कुठलंच हॉस्पिटल तुला कामावर ठेवू शकत नाही, साधं ऑफिसात फाइल लावायचं काम पण नाही. म्हणजे ज्या गोष्टीला घाबरून सरेंडर करायचं तीच गोष्ट स्वतःच्या सहीने ओढवून घ्यायची.

दुसरं स्टेट म्हणशील, तर तिथल्या अर्जात सरळ प्रश्न असतो की तुमच्यावर कुठे चौकशी चालू आहे का. खोटं लिहिलंस तर मूळ भानगडीपेक्षा ते खोटं जास्त महागात पडतं. कॉम्पॅक्टमधली, म्हणजे एकमेकांचं नर्सिंग लायसन्स मानायचा करार केलेली, राज्यं एकमेकांना चौकशीची माहिती देतात, फ्लोरिडा 2018 च्या जानेवारीपासून त्यात आहे. आणि इंडियात जाऊन राहायचं असेल तर जरूर जा, पण आजार बॅगेतून बरोबर येणार आणि इकडची फाइल इकडे उघडीच राहणार. पाच वर्षांनी मुलांच्या कॉलेजसाठी परत यावंसं वाटलं की ती तशीच समोर उभी.

राजीनामा मात्र वेगळी गोष्ट आहे, तो लायसन्सचा नसतो, नोकरीचा असतो. तोही आज नको. उपचारासाठी एफएमएलएची 12 आठवड्यांची बिनपगारी रजा मिळू शकते, आणि इन्शुरन्स नोकरीला बांधलेला आहे हे तुला माहीतच आहे. उपचाराच्या तोंडावर इन्शुरन्स घालवणं म्हणजे हाताने पायावर धोंडा. कदाचित हॉस्पिटलच तुला काढेल, ते त्यांच्या हातात आहे, पण आपण होऊन ते काम त्यांना सोपं करून द्यायचं नाही.

आता आयपीएन म्हणजे काय ते नीट बघू, कारण तुझ्या पत्रात ते पोलीस स्टेशनसारखं आलंय. इंटरव्हेन्शन प्रोजेक्ट फॉर नर्सेस, फ्लोरिडाच्या विधिमंडळाच्या कायद्याने 1983 मध्ये सुरू झालेला. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकन नर्सेस असोसिएशनने ठराव केला होता की व्यसनात अडकलेल्या नर्सला फेकून न देता मदत करावी. त्याआधी काय होतं, सापडली की लायसन्स गेलं, बाई घरी, आणि घरी बसून तिचं काय झालं हे कोणी विचारत नव्हतं. त्यामुळे सापडायच्या भीतीने सगळ्या लपवायच्या आणि लपवून पेशंट सांभाळायच्या, म्हणजे धोका पेशंटलाच. त्यातून ही कल्पना निघाली की लवकर पुढे या, काम थांबवा, उपचार घ्या, आमच्या देखरेखीखाली राहा, आणि तुम्ही हे सगळं पाळताय तोवर आम्ही बोर्डाच्या शिक्षेच्या रस्त्याने जात नाही. आज बऱ्याच राज्यांत असं काही ना काही आहे, न्यू जर्सीत रॅम्प आहे, टेक्सासमध्ये टीपीएपीएन आहे, नावं वेगळी पण सांगाडा साधारण तोच.

यात वेळेला फार किंमत आहे, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते. तू स्वतः फोन करून आलीस, तपासणी करून घेतलीस, सांगितलेलं पाळलंस तर तुझा सहभाग गोपनीय राहतो, लायसन्सच्या वेबसाइटवर कोणाला काही दिसत नाही. तुझ्या बाबतीत औषध उचलल्याचा भाग आहे, त्यामुळे हॉस्पिटल हेल्थ डिपार्टमेंटकडे वेगळी तक्रार करू शकतं, आणि कंट्रोल्ड, म्हणजे सवय लागते म्हणून कायद्याने बंधन घातलेलं, औषध गेलं की त्यांना डीईए या अमली औषधांवर नजर ठेवणाऱ्या फेडरल खात्याला कळवावंच लागतं, ते तुला टाळता येणार नाही. पण तक्रार झाली तरी ती लगेच जगजाहीर होत नाही. आधी एक पॅनेल बघतं की केस उभी राहते का, आणि राहते असं ठरलं की त्यानंतर दहा दिवसांनी ती सार्वजनिक होते. त्या पॅनेलसमोर कागद जाईल तेव्हा तू उपचारात आहेस, काम थांबवलंयस, टेस्ट स्वच्छ आहेत असं चित्र असणं आणि तू फोनच उचलत नाहीस असं चित्र असणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. फोन न करणाऱ्या नर्सेसवर तातडीच्या सस्पेन्शनची ऑर्डर निघू शकते आणि ती मात्र सगळ्या जगाला दिसते. तू मला विचारतेयस काय करू, अगं सोमवार गेला की तुला हा प्रश्न विचारायची सोयच राहणार नाही.

पण डोळे झाकून पण जायचं नाही. फोनच्या आधी किंवा निदान तपासणीच्या आधी वकिलाशी तासभर बोल, तोही घराच्या कागदपत्रांचा किंवा अपघाताचा वकील नको, नर्सिंग लायसन्सच्या केसेस रोज करणारा. तुझी स्वतःची मालप्रॅक्टिस पॉलिसी असेल तर ती काढून वाच, बऱ्याच पॉलिसींमध्ये लायसन्सच्या बचावाचा खर्च असतो आणि आपण तो वाचलेलाच नसतो. आणि तुझा सिटिझनशिपचा अर्ज आहे म्हणून इमिग्रेशनचा वकील वेगळा लागणार, हे मी फार गंभीरपणे सांगतेय. इमिग्रेशनच्या कायद्यात कोर्टाने दोषी ठरवलेलं नसलं तरी कंट्रोल्ड औषधाच्या गुन्ह्याची तू स्वतः दिलेली कबुली तुझ्याविरुद्ध धरता येते. त्यामुळे एचआरने "फक्त काय झालं ते लिहून दे" म्हणून कोरा कागद पुढे केला तर म्हणायचं, मी सहकार्य करतेय, उपचार घेतेय, लेखी मात्र वकिलाला दाखवून देईन. यात उद्धटपणा काही नाही. सिटिझनशिपच्या मुलाखतीची तारीख आली तर वकिलाशिवाय जायचं नाही, आणि तिथे खोटं तर अजिबात बोलायचं नाही.

मग डॉक्टरसमोर, काउन्सेलरसमोर काय? तिथे खरं बोल. वकील तुला कुठल्या शब्दात काय सांगायचं ते समजावेल, पण किती घेत होतीस, कसं घेत होतीस हे लपवलंस तर चुकीचा उपचार मिळेल. उपचारातली माहिती कायद्याने जपली जाते, फक्त आयपीएनला रिपोर्ट द्यायची संमती तू स्वतः सही करून देणार आहेस हे लक्षात ठेव, त्या कागदावर काय-काय जाणार ते वाचून सही कर.

आता पाच वर्षांचं. हो, व्यसनाचं निदान झालं तर करार लांब असतो, तीन ते पाच वर्षं साधारण. रोज सकाळी अ‍ॅपवर चेक-इन करायचं, अ‍ॅप सांगतं आज टेस्ट आहे का नाही, असली तर त्याच दिवशी जाऊन द्यायची, बऱ्याचदा बाईमाणूस समोर उभी असते. चेक-इन विसरलं तरी नोंद होते. पाणी जास्त प्यायलीस आणि सॅम्पल पातळ आलं तरी प्रश्न विचारतात. प्रत्येक टेस्टचे पैसे खिशातून, पन्नास-शंभर डॉलर एका वेळचे धर, तपासणीचे आणि उपचाराचे वेगळे. प्रवासाला जायचं तर आधी कळवून परवानगी, इंडियाचं तिकीट ऑफर दिसली म्हणून काढलं असं होणार नाही. मीटिंगा, नर्सेसचा वेगळा सपोर्ट ग्रुप, दर काही महिन्यांनी रिपोर्ट. आणि तुझं लायसन्स मल्टिस्टेट असेल तर प्रोग्रॅममध्ये असेपर्यंत ते फक्त फ्लोरिडापुरतं राहतं, म्हणजे ट्रॅव्हल नर्सिंगचा विचार सोडायचा.

हे जाचक आहे, मी गोड करून सांगत नाही. आणि माझी या प्रोग्रॅम्सवर टीका पण आहे. एकच साचा सगळ्यांना लावतात, जिला खरंच व्यसन आहे तिला आणि जी एकदाच चुकली तिला बऱ्याचदा सारखाच करार मिळतो. नोकरी गेलेल्या बाईने टेस्टचे पैसे कुठून आणायचे याचं उत्तर कोणी देत नाही. आणि औषध घेऊन बऱ्या होणाऱ्यांना कितीतरी वर्षं वाईट वागवलं गेलं, ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे हे व्यसन सुटायला देतात ते औषध, घेते म्हणून नर्सला प्रोग्रॅममध्येच घ्यायचं नाही असा नियम इंडियानात होता, 2022 च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने सांगितलं की हा अपंगत्वाच्या कायद्याचा भंग आहे. तुला डॉक्टरने ब्युप्रेनॉर्फिन सुचवलं तर "प्रोग्रॅम नाही म्हणेल" या भीतीने नाकारू नकोस, आयपीएनला लेखी विचार आणि उत्तर वकिलाला दाखव. तपासणीचा निकाल पटला नाही तर दुसरं मत मागायची सोय आहे का हेही पहिल्याच फोनवर विचार. पण तुझ्या बाबतीत, सात-आठ महिने, हॉस्पिटलचं औषध, काम करताना... तुला ही देखरेख लागेल असंच मला वाटतं, आणि करार लांब आहे म्हणून तो वाईटच असंही नाही. नर्सिंग बोर्डांच्या राष्ट्रीय संस्थेने 2020 मध्ये अनेक राज्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा रोजचं चेक-इन, महिन्याला निदान दोन टेस्ट आणि पाच वर्षांचा काळ असलेल्या नर्सेस जास्त प्रमाणात शेवटपर्यंत टिकल्या असं दिसलं. ज्या जाचाला तू घाबरतेयस तोच तिथे उपयोगी पडलेला दिसतोय.

मी दुसऱ्या राज्यात 27 वर्षं फ्लोअरवर काढली, शेवटची काही वर्षं चार्ज नर्स होते आणि अशा दोन नर्सेसची वर्कसाइट मॉनिटर होते, म्हणजे त्यांचा कामाचा रिपोर्ट मी लिहायचे. त्यातली एक आठ महिन्यांनी परत आली. करारात होतं नार्कोटिकला हात लावायचा नाही, नाइट नाही, ओव्हरटाइम नाही, दुसऱ्या युनिटला फ्लोट नाही. पहिल्या दिवशी ती पिक्सिससमोर, म्हणजे बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या औषधांच्या कपाटासमोर, उभी राहिली, बोट टेकवलं, आणि स्क्रीनवर नार्कोटिकची नावं राखाडी, दाबली तरी उघडत नव्हती. तिच्या 14 नंबरच्या पेशंटला दुखत होतं. ती माझ्याकडे आली आणि अगदी हळू म्हणाली, "माझ्या पेशंटला मॉर्फिन देशील?" मी दिलं. ती म्हणाली मी तुझ्या पेशंटचे शुगर तपासते. मग रोजचंच ठरलं ते, तिच्या पेशंटची इंजेक्शनं मी, माझे शुगर आणि ड्रेसिंग ती. पहिला आठवडा सगळे तिच्या हातांकडे बघायचे, तिला कळायचं, ती बाही वर करूनच काम करायची. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कोणी बघेनासं झालं. करार पूर्ण करून ती आज पण नर्स आहे. दुसरी मध्येच सोडून गेली, तिचं लायसन्स गेलं, पुढचं मला माहीत नाही आणि ते मला अजून टोचतं.

आणि एक माझं पण सांगते, कारण तू विचारलंस चोर का पेशंट. खूप वर्षांपूर्वी माझ्या एका मैत्रिणीने रात्री तीन वाजता हाक मारली, "जरा विटनेस देतेस का, वेस्ट करायचंय", म्हणजे उरलेलं औषध टाकताना बघून साक्षीला बोट टेकवायचं. मी फोनवर डॉक्टरशी बोलत होते, चालत गेले, बोट टेकवलं, परत आले. सिरिंजमध्ये काय होतं, ते सिंकमध्ये गेलं का खिशात, मी बघितलंच नाही. असं एकदा नाही, कितीदा तरी झालं असेल, सगळेच करायचे. काही महिन्यांनी ती सापडली. मी तिची विटनेस होते कागदोपत्री, म्हणजे माझ्या बोटाने ते औषध तिच्याकडे गेलं. तिला अडवायची संधी माझ्याकडे होती आणि मी घाईत होते. हे वाचणाऱ्या बाकीच्या नर्सेसना म्हणून सांगते, दोन मिनिटं जातात, जाऊ देत, डोळ्यांनी बघितल्याशिवाय बोट टेकवू नका. तो संशय नाही, मैत्रिणीला वाचवणंच आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी गुळगुळीत करणार नाही. तू पेशंट आहेस, हो, हा आजार आहे आणि तो पाठदुखीच्या औषधातून आला. पण तू लिहिलंस "उरलेलंच घेतलं", हे वाक्य मी याआधी पण ऐकलंय. हायड्रोमॉर्फोनची कुपी एक किंवा दोन मिलिग्रॅमची, ऑर्डर अर्ध्या मिलिग्रॅमची, म्हणजे उरतं खरं. पण सात-आठ महिन्यांत शरीराची मागणी वाढली तेव्हा उरलेलं पुरलं का? कधी पेशंटला चार्टवर लिहिलंय तेवढं दिलं नाहीस असं झालं का? ऑपरेशन झालेला माणूस "सिस्टर, काही फरक पडला नाही" म्हणाला आणि तू कारण जाणत होतीस असं झालं का? मला लिहू नकोस याचं उत्तर. वकिलाला सांग आणि मग उपचारात, योग्य जागी, बोल. झालं नसेल तर तुझ्या मनावरचं मोठं ओझं उतरेल. झालं असेल तर ते आत दाबून तू पाच वर्षं स्वच्छ टेस्ट देऊ शकशील असं मला वाटत नाही, ज्या परत घसरल्या त्यातल्या कितीजणी हेच एक पोटात ठेवून होत्या.

आता घर. नवऱ्याला तर माहीत आहे, सासूबाईंना पण सांगावं असं माझं मत आहे, आणि याला भावनेपेक्षा स्वयंपाकघराचं कारण आहे. तुमच्या घरी स्वयंपाक त्याच बघत असणार. खसखशीत मॉर्फिन आणि कोडीनचा अंश असतो, ओपिऑइडच्या, म्हणजे अशा अफूच्या जातीच्या औषधांच्या, टेस्टमध्ये तो येऊ शकतो, 2023 मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सैनिकांना पण खसखस खाऊ नका म्हणून सांगितलं. आपल्याकडे खसखस कुठे नाही सांग, करंजीच्या सारणात, अनारशावर, घरच्या गोड्या मसाल्यात, कोणी गावाहून आणलेल्या मालवणी मसाल्यात. आणि दारूची टेस्ट फक्त दारूसाठी नसते, ईटीजी नावाची टेस्ट तीन दिवसांपर्यंतचं थोडं अल्कोहोलसुद्धा पकडते. द्राक्षासव, दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट, ही आसवं-अरिष्टं आंबवून केलेली असतात, त्यात पाच-दहा टक्के अल्कोहोल तयार झालेलं असतं, आणि सुनेला अशक्तपणा आलाय म्हणून प्रेमाने दोन चमचे पाजणारी सासू तुला नकळत बोर्डासमोर उभी करू शकते. माउथवॉश, खोकल्याची औषधं, इंडियातून आणलेलं कोडीनवालं सिरप, होळीची थंडाई, सगळं बंद. "मी करंजी खाल्ली होती" हे कारण प्रोग्रॅम ऐकून घेत नाही, करारात आधीच लिहिलेलं असतं की हे टाळायची जबाबदारी तुमची. मग घरात ज्यांच्या हातात डबे आहेत त्यांना न सांगता तू हे कसं निभावणार?

सांगायचं कसं, तर सोप्या शब्दात. "आई, पाठीच्या औषधाची मला सवय लागली, ती सोडवायला उपचार घेतेय, काही दिवस काम बंद आहे." पहिल्या दिवशी इतकंच पुरे. हॉस्पिटलचं प्रकरण नंतर, नवऱ्याने सांगितलं तरी चालेल. त्यांना पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र ऐकून माहीत असेल, 1986 पासून आहे, तिथे बायकांसाठी निशिगंध म्हणून वेगळा विभाग आहे, म्हणजे बाईला व्यसन लागतं आणि ती बरी होते हे आपल्याकडे पण माहीत आहे, फक्त आपल्या घरात त्याचा उच्चार होत नाही. त्या रडतील, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. मंडळातल्या बायकांना मात्र काही सांगायची गरज नाही, तुझ्यावर कुणाचं ते देणं नाही, गणपतीत कोणी विचारलं तर पाठ धरलीय म्हणायचं, ते खोटंही नाही.

पाठीचं पण विसरू नकोस हं. मूळ दुखणं तिथलं आहे आणि ते अजून असणार. उपचार करणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांग की दुखणं खरं आहे, त्यासाठी फिजिओथेरपी, बिनओपिऑइडची औषधं काय ते लिहून द्या, आणि यापुढे दाताच्या डॉक्टरकडे गेलीस तरी आधी सांगायचं की मला ओपिऑइड नको. दुखणं तसंच सोडून नुसती टेस्टची तयारी केलीस तर हिवाळ्यात कधीतरी पाठ पुन्हा धरेल आणि मन जुन्या वाटेने जाईल.

आता या चार दिवसांचं. आज नार्कॅन आणि गोळ्यांची विल्हेवाट. उद्या सकाळी वकिलाला फोन, दोन-तीन जणांना लाव, पहिली भेट कितीत करतात विचार, जो "प्रोग्रॅमला जाऊच नका, मी सगळं मिटवतो" म्हणेल त्याच्यापासून लांब राहा. मॅनेजरला एकच ओळीचा ईमेल, की मी आयपीएनला संपर्क करतेय आणि रजेचे फॉर्म पाठवा. मग शुक्रवारपर्यंत आयपीएनला फोन, सोमवारची वाट बघू नकोस, शनिवार-रविवार मध्ये आला की धीर सुटतो.

फोन करताना वही-पेन जवळ घे, नवऱ्याला शेजारी बसव. नाव, लायसन्स नंबर, आणि "मला मदत हवी आहे, मी काम थांबवलंय, तपासणी कधी आणि कोणाकडे ते सांगा" एवढं बोल. समोरून बोलणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ लिहून ठेव. तपशील विचारले तर म्हण तपासणीत बोलेन. आवाज थरथरला तर थरथरू दे, त्यांना रोज असेच फोन येतात. फोन ठेवलास की मला ईमेल कर, अडीच वाजता का असेना, मी बघेन.